बागेत सायकली पण फिरतात? मग चालायचं असं

बागेत गाड्या नसतात म्हणून आपण निवांत असतो, रस्त्यावर जसं कान टवकारून चालतो तसं इथे कोणी चालत नाही आणि चालायला लागू पण नये, त्यासाठीच तर बागेत येतो ना. पण त्याच वाटेवर सायकलवाले पण असतील तर थोडं डोकं वापरावं लागतं. थोडंच. बहुतेक ठिकाणी सल्ला काय मिळतो तर "सावध राहा, लक्ष द्या", आता तासभर दर पाच पावलांना मागे बघत कोण फिरणार आहे? म्हणून मी एकच गोष्ट धरून सांगतो. मागून येणाऱ्या सायकलवाल्याला पुढच्या दोन-तीन सेकंदांत तुम्ही कुठे असणार हे आधीच कळलं पाहिजे. ते कळलं की तो बाजूने निघून जातो, तुमच्या लक्षात पण येत नाही. नाही कळलं की मग ब्रेक, आरडाओरडा, आणि कधीकधी धडक.

चूक कोणाची हा वाद इथे नको. जो जड आहे आणि जोरात आहे त्यानेच जास्त सांभाळायचं हे माझं सरळ मत आहे, आणि ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, 2022 पासून हेच तत्त्व स्पष्ट लिहिलंय, की जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त. पण हक्क तुमचा असला तरी हाड तुमचंच मोडतं, त्यामुळे आपल्या हातात जे आहे ते करून घ्यायचं.

थोडा हिशोब, कारण त्याशिवाय पटत नाही

साधं चालणारा माणूस ताशी 5 किमीने जातो म्हणजे सेकंदाला साधारण 1.4 मीटर. रमतगमत चाललेली सायकल ताशी 15 धरली तर सेकंदाला 4 मीटर, आणि जोरात दामटणारा 25 ने येत असेल तर सेकंदाला 7 मीटर. समोर काहीतरी आलंय हे दिसून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच, म्हणजे 20 च्या स्पीडला साडेपाच मीटर तर ब्रेक लागायच्या आधीच संपले, मग पुढे थांबायला अजून चार मीटर, एकूण नऊ-दहा मीटर झाले, तेही वाट कोरडी आणि ब्रेक चांगले असतील तर.

आता तुमच्या बाजूने बघा. एका सेकंदात तुम्ही आरामात एक मीटर आडवे सरकू शकता, आणि तो तुमच्या बाजूने जाताना जी जागा सोडतो ती पण साधारण तेवढीच असते. म्हणजे तो पाच मीटरवर असताना तुम्ही सहज म्हणून डबकं चुकवायला बाजूला पाऊल टाकलंत तर सायकलवाला कितीही चांगला असू दे, जमतच नाही. अचानक आडवं पाऊल, बस, बागेतली बरीचशी टक्कर इथेच असते.

स्पीडचं अजून एक. 15 ऐवजी 25 म्हणजे "थोडं जास्त" वाटतं पण धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती जवळजवळ पावणेतीन पट होते. आणि लागतं ते नुसतं सायकलने नाही लागत, माणूस खाली पडतो आणि डोकं किंवा खुबा जमिनीवर आपटतो, खरं नुकसान तिथे होतं.

कडेने आणि सरळ

वाटेच्या मधोमध चालणं सगळ्यात वाईट. लोकांना वाटतं मधे चाललं की दोन्हीकडून जागा राहते, पण सायकलवाल्याला डावीकडून काढू का उजवीकडून हेच ठरवता येत नाही आणि तो ठरवतोय तेवढ्यात तुम्ही पण ठरवता. एक कड धरा. कुठली? बागेत पाटी किंवा रंगवलेला पट्टा असेल तर तो सांगेल ती, नसेल तर त्या देशात गाड्या ज्या बाजूने चालतात तीच. काही जण म्हणतात की समोरून येणारे दिसावेत म्हणून उलट्या बाजूने चालावं. फूटपाथ नसलेल्या गाडीरस्त्यावर ते ठीक आहे, पण बागेच्या अरुंद वाटेवर निम्मे लोक या बाजूने आणि निम्मे त्या बाजूने चालले तर सायकलवाल्याला सगळ्यांमधून नागमोडी काढावी लागते, ते जास्त धोक्याचं.

किती जणांनी शेजारी शेजारी चालायचं? बऱ्याच देशांच्या मार्गदर्शक नियमांमध्ये अशी सामाईक वाट साधारण 3 मीटर रुंद असावी असं धरतात, जुन्या बागांमध्ये ती त्याहून कमीच असते. दोन माणसं गप्पा मारत चालली की सव्वा-दीड मीटर गेला. सायकलचं हँडल 60-70 सेंटीमीटर, पण सायकल कधी काटेकोर सरळ चालत नाही, थोडी डुलते, त्यामुळे तिला मीटरभर तरी लागतो. समोरून पण एक आली तर बघा काय उरतं. दोघं ठीक, तिघं शेजारी असाल तर एकाने मागे व्हायचं, आणि उभं राहून गप्पा मारायच्या असतील तर सरळ गवतावर उतरायचं, वाटेवर घोळका करायचा नाही. बुटाची नाडी बांधायला तर बाजूला व्हाच, खाली वाकलेला माणूस लांबून पटकन दिसतच नाही.

आता मुख्य सवय. कडेवरून मधे यायचं असेल, म्हणजे डबकं, फांदी, हळू चालणाऱ्या आजोबांना ओलांडायचंय, पलीकडच्या बाकाकडे जायचंय, काहीही, तर आधी खांद्यावरून मागे एक नजर आणि मगच पाऊल. गाडी चालवताना लेन बदलायच्या आधी आरसा बघतात, अगदी तसं. एक लक्षात ठेवा, मान वळवली की पाय पण नकळत त्याच बाजूला सरकतात, त्यामुळे बघताना जरा स्पीड कमी करा आणि कड सोडू नका. एवढी एक सवय लागली ना, की मग सारखं मागे बघत बसायची गरज नाही, उरलेला वेळ खुशाल झाडं बघा.

जॉगिंगवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. तुम्ही ठरलेल्या झाडापर्यंत पळता आणि तिथून गर्रकन वळता. मागून येणाऱ्याच्या दृष्टीने याच्याइतकं वाईट काही नाही, कारण तो तुम्हाला सरळ जाणारा धरून चाललेला असतो आणि तुम्ही अर्ध्या सेकंदात त्याच्या तोंडासमोर. वळायच्या आधी कडेला या, दोन पावलं हळू व्हा, मागे बघा, मग वळा. घड्याळात दोन सेकंद जास्त लागले तर लागू देत. फोटो काढताना मागे मागे सरकणारे पण याच यादीत.

बेल वाजली, आता?

उडी मारू नका. सगळ्यात महत्त्वाचं हेच, कारण बेल ऐकून दचकून जे आडवं पाऊल पडतं ते बरोबर सायकलसमोर पडतं. सायकलवाल्याने बेल वाजवेपर्यंत बाजू ठरवलेली असते, त्याला फक्त तुम्ही हलणार नाही एवढंच हवं असतं. कडेला असाल तर आहात तसेच सरळ चालत राहा, वाटलं तर हात जरा वर करा म्हणजे ऐकू आलंय हे त्याला कळतं. मधे असाल तर ज्या कडेच्या जवळ आहात त्याच कडेला सावकाश सरका. मागून कोणी "डावीकडून!" असं ओरडलं तर तो कुठून येणार ते सांगत असतो, तुम्ही कुठे जायचं ते नाही, पण ऐकणारा नेमका त्या दिशेलाच पळतो, हे फार वेळा होतं.

दोघंतिघं असाल तर अजून एक घोळ होतो. बेल वाजते, एक जण डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे, मधे छान रस्ता मोकळा होतो, सायकल त्यात शिरते, आणि नेमकं त्याच वेळी एकाला वाटतं अरे आपण वेगळे झालो आणि तो पळत दुसऱ्याकडे येतो. लहान मुलं तर हमखास. म्हणून फिरायला निघतानाच ठरवून टाका की बेल वाजली की सगळ्यांनी एकाच बाजूला जायचं. आणि मूल चुकून वाटेच्या पलीकडे राहिलं असेल तर त्याला हाक मारायची नाही! "तिथेच थांब" म्हणायचं आणि आपण बघून त्याच्याकडे जायचं. हाक मारली की ते इकडे तिकडे न बघता धावत येतं.

समोरासमोर येऊन दोघंही एकाच बाजूला, मग दोघंही दुसऱ्या बाजूला असं झालं तर तुम्ही सरळ जागेवर थांबा. थांबलेल्या माणसाला चुकवणं सोपं असतं.

काही लोकांना बेल वाजली की राग येतो, जणू अपमानच केला. मान्य आहे, काही सायकलवाले बेल हॉर्नसारखी वाजवत सुटतात आणि स्पीड काही कमी करत नाहीत, त्यांना सुनवायलाच हवं. पण जो लांबून एकदा टिंग करून हळू होतो तो नीटच वागतोय. उलट बेल न वाजवता खांद्याला घासून जाणारे जास्त असतात, त्यामुळे "बेल वाजली नाही म्हणजे मागे कोणी नाही" असं कधीच धरू नका.

कुठे डोळे उघडे ठेवायचे

पूर्ण बागेत सारखं सावध राहायचं नाही, काही ठराविक जागा असतात. उताराचं खालचं टोक, कारण तिथे सायकल आपोआप जोरात असते. उंच झुडपांच्या मागचं वळण. छोटा पूल, बोगदा, गेट, जिथे वाट अरुंद होते. पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, खेळायच्या जागेचं दार, जिथून माणसं न बघता वाटेवर येतात. आणि पायवाट जिथे सायकलच्या वाटेला येऊन मिळते ती जागा. इथे इथे फोन खिशात, बास. बाकी ठिकाणी तुमची मर्जी, पण फोनवर टाइप करायचंच असेल तर कडेला थांबून करा, तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तेवढ्यात 25 च्या स्पीडची सायकल 20 मीटर पुढे आलेली असते.

पाट्यांचं पण बघून ठेवा. बऱ्याच देशांमध्ये निळ्या गोलात माणूस आणि सायकल अशी पाटी असते. दोघांच्या मधे उभी रेघ असेल तर वाटेचे दोन भाग केलेत, एक तुमचा एक त्यांचा, आणि मग तुमच्या भागातच चालायचं. उभी रेघ नसेल, किंवा माणूस वर, सायकल खाली आणि मधे आडवी रेघ असेल तर सगळी वाट सगळ्यांची. देशागणिक चित्रं थोडी बदलतात, त्यामुळे गेटवरची पाटी एकदा वाचायची, दोन मिनिटं लागत नाहीत.

वाट ओलांडताना दोन्हीकडे बघायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण दोन गोष्टी निसटतात. एक, सायकल गेली की आपण लगेच पाऊल टाकतो, आणि तिच्या मागेच दुसरी असते. सायकलवाले खूपदा जोडीने किंवा घोळक्याने फिरतात, त्यामुळे एक गेल्यावर परत बघायचं. दुसरी म्हणजे समोरून येणारी सायकल फार बारीक दिसते, गाडीसारखी मोठी मोठी होत येत नाही, त्यामुळे ती किती लांब आहे आणि किती जोरात आहे याचा अंदाज चुकतो. ई-बाईकने, म्हणजे मोटरची मदत असलेल्या सायकलने, तर तो अंदाज अजूनच बिघडवलाय. साध्या सायकलचा स्पीड आपण पायांवरून ओळखतो, माणूस वाकून जोरजोरात पेडल मारतोय म्हणजे जोरात आहे. ई-बाईकवाला ताठ बसून आरामात पाय फिरवत असतो आणि स्पीड असतो 25. युरोपियन युनियनमध्ये साध्या ई-बाईकची मोटर ताशी 25 किमीला मदत बंद करते, अमेरिकेत प्रकारानुसार 32 किंवा 45 पर्यंत चालते. वजन पण 20-25 किलो, साध्या सायकलपेक्षा बरंच जास्त. तेव्हा पाय बघू नका, दोन झाडांमधलं अंतर ती किती पटकन कापतेय ते बघा, आणि शंका आली तर जाऊ द्या, मग ओलांडा.

बाबागाडी असेल तर एक मोठी अडचण अशी की झुडपाच्या आडून वाटेवर येताना तुम्हाला काही दिसायच्या आधी बाळ वाटेवर पोचलेलं असतं. अशा ठिकाणी गाडी मागे धरायची, स्वतः एक पाऊल पुढे येऊन बघायचं, मग गाडी काढायची. चालणारं मूल असेल तर त्याचा हात धरायचा आणि त्याला बाहेरच्या म्हणजे गवताच्या बाजूला ठेवायचं, सायकली जातात त्या बाजूला तुम्ही.

कुत्र्याचं. लांब होणारा पट्टा सामाईक वाटेवर आखडूनच ठेवा. तुम्ही या कडेला, कुत्रं त्या कडेला आणि मधे गुडघ्याच्या उंचीवर बारीक दोरी, संध्याकाळी ती सायकलवाल्याला दिसतच नाही आणि मग तो, तुम्ही आणि कुत्रं तिघंही पडता. कुत्रं पण गवताच्या बाजूलाच.

हेडफोन घालू नका असं मी म्हणणार नाही कारण कोणी ऐकत नाही. एका कानात घाला, वाटेकडचा कान मोकळा ठेवा, किंवा बाहेरचा आवाज आत सोडायची सोय असेल तर ती चालू करा. नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबून टाकणारी सोय, मात्र इथे खरंच नको. ज्यांना मुळात कमी ऐकू येतं त्यांनी कड घट्ट धरायची आणि मागे बघायची सवय जरा जास्त पक्की करायची. आणि सायकलवाले वाचत असतील तर, पुढचा माणूस बेल ऐकून हलला नाही म्हणजे मुद्दाम अडवतोय असं नसतं, त्याला ऐकूच आलं नसेल, हळू व्हा.

अंधार आणि पाऊस

संध्याकाळनंतर खूप जणांचा गैरसमज असतो की सायकलला लाइट आहे म्हणजे त्याला आपण दिसतो. बरेच लाइट फक्त सायकल दिसावी म्हणून असतात, त्यांच्या उजेडात पुढची वाट नीट दिसत नाही. गडद कपड्यातला माणूस तर अगदी जवळ आल्यावर दिसतो. फिकट कपडे बरे, पण खरा उपयोग चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह पट्टीचा, आणि ती छातीवर लावण्यापेक्षा घोट्यावर किंवा मनगटावर लावा. हलणाऱ्या जागी चमक दिसली की मेंदू लगेच ओळखतो की हा चालणारा माणूस आहे, छातीवरची पट्टी नुसता एक चमकता ठिपका वाटू शकतो. भडक निऑन रंगाचं जॅकेट दिवसा आणि कातरवेळी छान दिसतं पण पूर्ण अंधारात त्याचा फारसा फायदा नाही, तिथे रिफ्लेक्टिव्हच हवं. फोनचा टॉर्च लावलात तर जमिनीकडे धरा, समोरच्याच्या डोळ्यात मारलात तर त्यालाच काही दिसणार नाही.

पावसात साध्या रिम ब्रेकवाल्या, म्हणजे चाकाच्या कडीवर रबर दाबून थांबणाऱ्या, सायकलला थांबायला बरंच जास्त अंतर लागतं, वर ओली पानं आणि शेवाळ असेल तर चाक घसरतं. सुक्यात जिथे घाईघाईत ओलांडलं असतं तिथे पावसात थांबून घ्या. छत्री किंवा टोपडं असेल तर मागे बघताना ते मधे येतं, त्यामुळे नुसती मान नाही, खांद्यासकट वळून बघा.

धडक झालीच तर

लगेच उठायची घाई नको. लाजेने माणूस पटकन उठतो आणि "काही नाही, काही नाही" म्हणत चालायला लागतो. मिनिटभर बसा, मनगट, खुबा हळूहळू हलवून बघा. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर हलूच नका, मदत बोलवा. डोकं आपटलं असेल तर पुढचे एक-दोन दिवस कोणीतरी सोबत हवं. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, जागं करूनही झोप न उडणं, यातलं काही दिसलं तर तडक हॉस्पिटल. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाट पाहायची नाही, डोकं आपटलं म्हणजे दाखवायचंच. वयस्कर माणसाला पडल्यावर पायावर भार टाकता येत नसेल तर त्याला धरून उभं करायचा प्रयत्न करू नका, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं.

सायकलवाल्याचं नाव आणि नंबर घ्या, भांडण न करता. तो पण पडलेला असतो बहुतेक, त्याला पण लागलंय का विचारा. जागेचे फोटो, सायकलचा फोटो, आणि बघणारं कोणी असेल तर त्यांचा नंबर. भाड्याची सायकल असेल तर तिच्यावरचा क्रमांक फोटोत येऊ द्या.

आणि थोडक्यात वाचलात तरी बागेच्या ऑफिसला कळवा. पण "सायकलवाले फार माजलेत" असं लिहून काही होत नाही, ते पत्र फाइलमध्ये जातं. कुठे, किती वाजता, सायकल कुठल्या दिशेने आली, तिथे काय अडचण आहे, हे लिहा आणि एक नेमकी गोष्ट मागा. या वळणावरचं झुडूप कमरेएवढं कापा. या खांबावरचा दिवा बंद आहे. उताराच्या खाली वाटेवर स्पीड कमी करायचे पट्टे मारा. खेळाच्या जागेच्या दाराला आडवा कठडा लावा म्हणजे मुलं थेट वाटेवर येणार नाहीत. दोन-तीन जणांनी एकाच जागेबद्दल वेगवेगळं लिहिलं तर अजून चांगलं. झुडूप कापायला एक माणूस आणि अर्धा दिवस लागतो, त्यामुळे ते काम बहुतेक वेळा होतं, स्पीडची पाटी मागितलीत तर ती पण लावतील कदाचित, पण ती वाचून हळू होणारे तसेही आधीपासून हळूच चालवत असतात, तेव्हा आधी झुडूप मागा.